घराचा नकाशा कोणाकडून काढून घ्यायचा? पैसे देण्याआधी हे वाचा



समजा, तुम्ही गुंठाभर जागा घेतली आहे. वर राहायचं आणि खाली मसाल्याचं छोटं युनिट टाकायचं, असा विचार आहे. ओळखीतला एक जण म्हणतो, "नकाशा ना? दोन दिवसांत काढून देतो, स्वस्तात." आपण खूश! पण कर्जासाठी बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "मंजूर नकाशा कुठे आहे?" आणि तिथे गाडी अडते.

लक्षात ठेवा, चित्र कोणीही काढेल. आपण पैसे देतो ते सहीचे आणि त्या सहीमागच्या जबाबदारीचे.

सही कोणाची चालते?

बांधकाम परवानगीचा अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर/सुपरवायझर यांच्यामार्फत जातो. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. हा नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. सुपरवायझरच्या परवान्याला भूखंडाच्या आकाराची आणि मजल्यांची मर्यादा असते, म्हणून तुमचं काम त्याच्या मर्यादेत बसतं का, ते आधी विचारा. इमारतीच्या मजबुतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा लागू शकतो.

मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी 2020 ची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला ठरावीक अटींवर सोपी पद्धत दिली आहे. तिथे या तज्ज्ञाने 'सगळं नियमात आहे' असं लिहून द्यायचं असतं. म्हणजे प्लॉट जितका छोटा, तितकं त्याच्या सहीवर जास्त अवलंबून!

भेटीला जाताना काय न्यायचं?

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, खरेदीखत आणि एनएचा कागद असेल तर तो. हे न बघता "होऊन जाईल" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

आणि धंद्याचं पहिल्याच दिवशी सांगा. घराच्या नकाशात 'पार्किंग' दाखवायचं आणि तिथे मशीन बसवायचं, असं करू नका. त्या जागेत व्यवसाय चालेल का, हे झोन आणि रस्त्याची रुंदी बघून ठरतं. ते खड्डा खणायच्या आधी कळायला हवं, मशीन आल्यावर नाही.

हे चार प्रश्न विचारा

1. याच कार्यालयातून अलीकडे कोणते नकाशे मंजूर करून घेतलेत? एखाद्या मालकाशी बोलता येईल का?
2. फीमध्ये काय काय येतं? फक्त नकाशा, की जोता तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत सगळं?
3. त्रुटी निघाली तर दुरुस्तीचे वेगळे पैसे लागतील का?
4. साइटवर किती वेळा येणार?

उत्तरं कागदावर घ्या. साधं एक पानी पत्र, दोघांच्या सह्या, बस!

पैसे कसे द्यायचे?

सगळी रक्कम एकदम देऊ नका. थोडी सुरुवातीला, थोडी फाईल दाखल झाल्यावर, थोडी मंजुरीनंतर आणि शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर. सरकारी शुल्क चलनानेच भरा आणि पावती आपल्या नावाची घ्या. "वर द्यावे लागतात" म्हणून कोणी रोख मागितली, तर दुसरा माणूस शोधा.

स्वस्त नकाशात वाचलेले पैसे पुढे दंडात आणि पाडकामात जातात. भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर घर विकतानाही अडतं.

आजचा गृहपाठ: तीन जणांना भेटा, तिघांनाही हेच चार प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी-शेजारी लिहा. कोणाला काम द्यायचं, ते त्या कागदावरच दिसेल.