स्वयंसेवकांनी उभारले, सांभाळायचे कोणी?

रायपूरच्या जुन्या वस्तीत, मालवीय रोडलगत असलेला गोल बाजार ही शहराची खरी ओळख. पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता, पितळेची भांडी, मसाले, जडीबुटी असे सारे येथे एका फेरीत मिळते. आसपासच्या खेड्यांतून येणारे गिऱ्हाईक येथे घासाघीस करते ते छत्तीसगढीत. पैसे मात्र आता मोबाइलवरून चुकते होतात. यातील बहुतेक मोबाइल अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. म्हणजे ज्याला आपण मुक्त सॉफ्टवेअर म्हणतो, ज्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, ते गोल बाजाराच्या गल्ल्यावर कधीच येऊन बसले आहे. पण त्या पडद्यावरची भाषा हिंदी किंवा इंग्रजी आहे. बाजाराची भाषा तेथे नाही.

ती तेथे कधी पोहोचलीच नव्हती, असे मात्र नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस छत्तीसगढी भाषेत चालणारी संगणक प्रणाली अस्तित्वात आली होती. त्यामागे ना मोठी कंपनी होती, ना सरकारी महामंडळ. पुढाकार होता रविशंकर श्रीवास्तव या गृहस्थांचा. हिंदी वाचकांना ते रवी रतलामी या नावाने परिचित होते. रायपूरहून सुमारे ७० किलोमीटरवरील राजनांदगाव हे त्यांचे जन्मगाव. मध्य प्रदेशच्या वीज मंडळातील अभियंत्याची नोकरी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सोडली आणि लिनक्सवरील कार्यक्रम हिंदीत आणण्याच्या कामाला वाहून घेतले. पुढे त्याच अनुभवाच्या बळावर त्यांनी केडीई ही लिनक्सवरील कार्यपटल प्रणाली छत्तीसगढीत आणली. २००९ साली या कामाला दक्षिण आशियासाठीचा मंथन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीवास्तव यांचे निधन झाले.

अशा कामाचे स्वरूप नेमके काय असते, हे धोरणकर्त्यांना क्वचितच ठाऊक असते. मुक्त प्रणालीतील प्रत्येक सूचना, प्रत्येक बटनावरील शब्द, चुकीचा प्रत्येक इशारा एका वेगळ्या संचिकेत ओळीने नोंदवलेला असतो. मूळ इंग्रजी वाक्य वर, अनुवादासाठी रिकामी जागा खाली. अशा हजारो ओळी भराव्या लागतात. त्या भरताना केवळ शब्दकोश पुरत नाही. संगणकाने माणसाला एकवचनी संबोधावे की आदरार्थी? ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’? रूढ इंग्रजी शब्द ठेवावा की नवा घडवावा? मराठीतही हे प्रश्न पडले आणि अजून पडतात. छत्तीसगढीसारख्या भाषेत, जिथे प्रशासनाचे व तंत्राचे लेखन पूर्वी फारसे झालेलेच नव्हते, तिथे प्रत्येक ओळ हा एक निर्णय असतो. लिपी देवनागरी असल्याने टंक आणि कळफलक तयार होते, एवढीच काय ती सवलत.

पण खरी परीक्षा काम पूर्ण झाल्यानंतर सुरू होते. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी मालिका प्रसिद्ध झाली आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येत राहिली. प्रत्येक आवृत्तीत काही वाक्ये बदलतात, काही गळतात, काही नवी येतात. काही अत्यावश्यक संचिका अनुवादित नसतील, तर त्या भाषेचा संच त्या आवृत्तीसोबत निघत नाही. या मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबरोबर छत्तीसगढीचा संच अधिकृतपणे वितरित झाला होता. २०१४ साली निघालेल्या तिच्या अखेरच्या आवृत्तीबरोबर मराठीचा संच होता, छत्तीसगढीचा नव्हता. कोणी ती भाषा काढून टाकली नाही. तिच्यासाठी दर सहा महिन्यांनी बसणारे हात उरले नाहीत, इतकेच.

एक खूण मात्र शिल्लक आहे. लिनक्सच्या पायाभूत ग्रंथालयात जगातील भाषा व प्रदेश यांची एक यादी असते. वारांची नावे, महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची रीत तीत नोंदलेली असते. त्या यादीत ‘एचएनई’ या तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेताखाली छत्तीसगढी आजही आहे. घर पडले असले तरी सातबाऱ्यावर नाव आहे, अशी ही स्थिती.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. छत्तीसगढीचे पहिले व्याकरण लिहिले ते धमतरीच्या शाळेतील मुख्याध्यापक हीरालाल काव्योपाध्याय यांनी. जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले आणि १८९० साली ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. एका शिक्षकाने स्वतःहून केलेले काम अशा रीतीने एका मोठ्या संस्थेच्या दप्तरात दाखल झाले, म्हणूनच ते टिकले. त्याच वर्षी हीरालाल यांचे निधन झाले. दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे. माधवराव सप्रे यांनी वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साथीने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. नावे पाहिली तरी कळते की भोसल्यांच्या काळापासून या प्रांतात रुजलेल्या मराठी समाजाचा हा उद्योग होता. हेच सप्रे पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या पारिभाषिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या संज्ञा घडवण्यात गुंतले. मासिक मात्र तीन वर्षांत, आर्थिक ओढाताणीमुळे बंद पडले. निष्ठा होती, विद्वत्ता होती. टिकवणारी व्यवस्था नव्हती.

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहासही याच दोन टोकांमध्ये फिरतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली लायनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने आपला लिनक्सचा गाभा इतरांसाठी खुला केला. तेव्हा हे सारे हौसेचे काम होते. आज तसे राहिलेले नाही. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश बदल आता कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, कारण त्या गाभ्यावर त्या कंपन्यांचा व्यवसाय उभा आहे. स्वयंसेवा उरली ती जिथे नफा नाही तिथे: छोट्या पण अत्यावश्यक ग्रंथालयांत, माहितीपुस्तिकांत आणि भाषांत. पहिल्या प्रकारातील धोका मार्च २०२४ मध्ये जगासमोर आला. संचिका आकसण्याचे ‘एक्सझेड’ नावाचे साधन अनेक वर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. तो थकला असल्याचे हेरून कोणी एकाने मदतनीस म्हणून विश्वास संपादन केला आणि त्या साधनात चोरदरवाजा बसवला. एका सजग अभियंत्याला संगणकाच्या प्रतिसादात अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या प्रकारातील हानी अशी बातमीत येत नाही. भाषा निमूटपणे यादीतून गळते.

आपली धोरणे या प्रश्नाकडे कसे पाहतात? केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामकाजासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधी २००७ साली सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली आणली होती. २०२२ मध्ये ‘भाषिणी’चे लोकार्पण झाले. परंतु या सर्व योजनांचा पाया आठव्या अनुसूचीतील २२ भाषा हा आहे. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी ही मातृभाषा सांगणारे १ कोटी ६२ लाख लोक होते; त्यांची गणना हिंदीच्या पोटात झाली. तुलनेसाठी, अनुसूचीत असलेल्या कोकणीच्या भाषकांची संख्या २३ लाखांहून कमी होती. छत्तीसगढ विधानसभेने नोव्हेंबर २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला, त्यानंतर राजभाषा आयोगही स्थापन झाला. म्हणजे संगणकावर छत्तीसगढी अवतरली त्याच सुमारास कागदावर तिला मानाचे पान मिळाले. पण या दोन घटनांची एकमेकींशी गाठ पडली नाही. आयोग साहित्याकडे पाहत राहिला, स्वयंसेवक संगणकाकडे.

प्रशासनातील माझा अनुभवही हेच सांगतो. एका कचेरीत संगणकीय अर्जांच्या स्थानिक भाषेतील अनुवादाचे काम निविदा काढून दिले गेले. काम झाले, देयक मंजूर झाले, तबकडी कपाटात गेली. दोन वर्षांनी प्रणाली बदलली तेव्हा तो अनुवाद कोणाच्याही उपयोगाचा नव्हता, कारण त्याची मूळ संचिका कचेरीकडे नव्हती आणि कंत्राटात ती मागण्याची तरतूदच नव्हती. सरकारी पैशाने झालेले काम अशा प्रकारे नाहीसे झाले. स्वयंसेवकाचे काम निदान खुल्या भांडारात राहते. पुढच्याला ते उचलता येते. दोहोंत अधिक टिकाऊ कोणते, हे उघड आहे.

एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. गोल बाजारातील दुकानदार हिंदी वाचतो, मुलगा इंग्रजीही वाचतो. मग छत्तीसगढी पडदा हवा कोणाला? शिवाय आता यंत्राशी बोलता येते, वाचायची गरजच काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की शिकलेल्या माणसाची सोय हा राजभाषेचा निकष असू शकत नाही. ज्या बाईला शिधापत्रिकेवरील नोंद किंवा धानखरेदीची पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, तिच्यासाठी बोलीशी जवळीक असलेला शब्द हा केवळ अस्मितेचा विषय नसतो. तिला तिच्या हक्काचा हिशेब कळण्याचा असतो. दुसऱ्याचे उत्तर असे की बोलणारी यंत्रेही लिखित मजकुरावरच पोसली जातात. ज्या भाषेत संगणकाचा एकही शब्द लिहिला गेलेला नाही, त्या भाषेत यंत्र बोलले तरी ते हिंदीचीच वाक्ये छत्तीसगढी हेल काढून म्हणेल.

महाराष्ट्राने हे दुरून पाहावे असेही नाही. मराठीची स्थिती बरी आहे. मुंबईतून सुरू झालेला ‘इंडलिनक्स’ प्रकल्प, पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेले ‘लोहित’ टंक आणि अनेक अनाम अनुवादक यांच्यामुळे मराठी या प्रणालींत टिकून आहे. परंतु हा टिकाव मोजक्या व्यक्तींवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या अभिजात दर्जाने ग्रंथ आणि अध्यासने वाढतील; दर सहा महिन्यांनी बदलणारी संगणकाची वाक्ये त्यामुळे आपोआप मराठीत येणार नाहीत. बस्तरमधील हलबी, जिला ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्या खंडात स्थान दिले, तिचा तर विचारही कोणी केलेला नाही. आपल्याकडील अहिराणी, मालवणी आणि गोंडी यांची गतही वेगळी नाही.

मग करावे काय? केरळने एक वाट दाखवली आहे. तेथे ‘स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग’ हा स्वयंसेवकांचा समूह टंक आणि अनुवाद घडवत राहिला; शासनाने शाळांमधून मुक्त प्रणाली वापरात आणली आणि २०१७ साली शालेय तंत्रज्ञानासाठी ‘काइट’ ही शासकीय कंपनी स्थापन केली. लाखो विद्यार्थी ती प्रणाली रोज वापरतात, म्हणून चुका दिसतात आणि त्या दुरुस्त होतात. जर्मनीने २०२२ पासून सार्वजनिक निधीतून मुक्त साधनांच्या देखभालीला पैसा देणे सुरू केले. दोन्हींत समान सूत्र एकच: निर्मितीचा नव्हे, तर देखभालीचा खर्च शासनाने उचलायचा आणि काम स्वयंसेवकांच्या खुल्या भांडारातच ठेवायचे.

छत्तीसगढ आणि महाराष्ट्र दोघांनाही चार गोष्टी फार खर्च न करता करता येतील. राजभाषा आयोगाने आणि आपल्या भाषा संचालनालयाने प्रत्येक भाषेसाठी दोन-तीन पूर्णवेळ अनुवाद-संरक्षकांची पाठ्यवृत्ती कायमस्वरूपी सुरू करावी. शासकीय सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत, अनुवादाच्या मूळ संचिका मुक्त परवान्याखाली जाहीर करण्याची अट असावी. सरकारी परिभाषा कोश कोणालाही वापरता येतील अशा स्वरूपात आणि परवान्यासह खुले करावेत. आणि विद्यापीठांनी भाषा व संगणक या दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांच्या अशा कामाला श्रेयांक द्यावेत. मात्र कोणता शब्द स्वीकारावा हे मंत्रालयाने ठरवू नये. ते वापरणाऱ्यांनी आणि अनुवादकांनी ठरवावे. शासन शब्द घडवू लागले की ते बहुधा कोशातच राहतात.

स्वयंसेवा ही समाजाची श्रीमंती आहे, पण ती सार्वजनिक व्यवस्थेला पर्याय नाही. एका निवृत्त अभियंत्याने जे उभारले त्याला आपण पुरस्कार दिला आणि विसरलो. त्या संचिका नष्ट झालेल्या नाहीत. जुन्या आवृत्तीत, धूळ खात का होईना, त्या आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला त्या आज उघडता येतील, शिळी वाक्ये वेगळी काढता येतील आणि नवी भरता येतील. पुढील सहा महिन्यांनी, आणि त्यापुढील सहा महिन्यांनीही त्याला ते करता यावे, एवढी तजवीज करणे हे शासनाचे काम आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)