शर्यतीचा घोडा मागें कां पडला?

मुंबईस महालक्ष्मी येथें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान १८८३ सालीं सुरू झालें. एके काळीं शर्यतीच्या दिवशीं तेथें अलोट गर्दी लोटे. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं भारतानें क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आज गर्दी व पैसा हीं दोन्ही क्रिकेटकडे आहेत. असें कां व्हावें?

शर्यतीचें उत्पन्न मुख्यतः पैजेवर अवलंबून असतें. पैजेच्या पूर्ण रकमेवरील कर शेंकडा २८ होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. पैज लावणारा हटला कीं उत्पन्न आटलेंच. क्रिकेट चालतें तें पाहणारांवर. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पांच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले.

परंतु खरें कारण याहून खोल आहे. शर्यतीचा घोडा पाळणें धनिकांसच शक्य. भुसावळच्या मुलास एक फळी व एक रबरी चेंडू पुरे होतो. जो खेळ आपण स्वतः खेळलों, त्याची गोडी जन्मभर राहते.

पालकहो, आतां क्रिकेटवरही पैजा लागतात. मुलांच्या हातीं फळीच राहील, पैज येणार नाहीं, एवढी काळजी आपण घेऊं या.