अंगणातले सूक्ष्म जग : समीप छायाचित्रणाचे काही प्रयोग

शाळेच्या आवारातील एकदांडी आपण सर्वांनीच तुडवली असेल. काही भागांत तिला कंबरमोडी म्हणतात. खरचटल्यावर तिचा पाला चुरून लावणारी माणसे आजही गावोगावी भेटतात. तिच्या उंच दांडीवरचे ते इवलेसे फूल वस्तुतः एक फूल नाहीच. कडेला टोकाशी तीन दाते असलेली मोजकी फिकट पुष्पके आणि मध्ये पिवळ्या नळ्यांसारख्या पुष्पकांची दाटी, असा तो समूह आहे. हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतः टिपलेल्या छायाचित्रात एकेक पुष्पक मोजणे वेगळे.

वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटली, की त्या प्रमाणास एकास एक म्हणतात. रूढ अर्थाने मॅक्रो छायाचित्रण येथून सुरू होते. त्यासाठीची खास भिंगे महाग असतात, आणि 'हे आपल्यासाठी नाही' असे पालक म्हणतात ते याच ठिकाणी. परंतु ५० मिलिमीटरचे जुने भिंग उलटे जोडले, अथवा भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळकांडे बसवले, तरी बरेचसे काम साधते. नळकांड्यामुळे भिंग संवेदकापासून दूर जाते व प्रतिमा मोठी होते. घरात केवळ मोबाईल असेल, तर घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसले भिंग त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरावे.

खरी अडचण खोलीची. एकास एक प्रमाणात, भिंगाचे छिद्र एफ ८ इतके ठेवले, तरी सुमारे एक मिलिमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट दिसतो. मुंगीचा डोळा स्पष्ट झाला की पाय धूसर होतात! म्हणून कॅमेरा स्थिर टेकवून आपणच केसभर पुढेमागे व्हावे. छिद्र फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनाने सारेच चित्र मऊ पडते. उजेड कमी वाटला तर पांढरा कागद धरून ऊन वस्तूवर परतवावे. वारा पडलेली सकाळ उत्तम; गारव्यात कीटकही मंद असतात. स्थिर राहावेत म्हणून त्यांना शीतपेटीत ठेवण्याची युक्ती काहीजण सांगतात. ती आम्हांस मान्य नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकची आठवण होते. हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन अवगत नाही. स्वतः घडवलेल्या चिमुकल्या भिंगांतून पाण्यातले सूक्ष्म जीव त्याने पाहिले, आपल्या डच बोलीतच लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे धाडली, आणि १६८० साली त्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतले. वसतिगृहातील मुलामुलींना ही हकिकत अवश्य सांगावी.

आरंभ मिठाच्या कणापासून करावा. तो हलत नाही, आणि त्याच्या चौकोनी कडा पहिल्याच प्रयत्नात दिसतात. मग बाहीचे विणकाम, तुरीच्या दाण्याला पडलेले भोक, कोवळ्या शेंड्यावरचा मावा व त्याचा गोड स्राव चाटणाऱ्या मुंग्या. चित्रात मोजपट्टी ठेवावी आणि वहीत दिनांक लिहावा, म्हणजे आठवड्यानंतर त्याच शेंड्याशी तुलना करता येते.