सेलमधली काळी पूड आणि पैशापैशाची काच

रात्रीच्या पाळीला पाणी धरायला निघालात की हातात बॅटरी असतेच. तिचा जुना सेल फुटला तर आतून काळी पूड सांडते. त्या पुडीत मँगनीज डायऑक्साइड नावाचे खनिज असते. (मुलांना सेल फोडू देऊ नका. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेलेल्या खाणकामगारांचे हातपाय थरथरू लागल्याचे दाखले आहेत.) आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून ते निघते. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत आदिमानवाने हजारो वर्षांपूर्वी जनावरांची चित्रे काढली, त्यांतला काळा रंगही मँगनीजच्याच दगडाचा.

पण याची खरी करामत काचेत. रेती, सोडा आणि चुना भट्टीत वितळवला की काच होते. रेतीत लोखंडाचा थोडा अंश असतो आणि तेवढ्याने काच हिरवट पडते. खिडकीच्या तावदानाची कड निरखून पाहा, म्हणजे पटेल. मँगनीज काचेला जांभळा रंग देते. ते अगदी थोडे घातले की जांभळा हिरव्याला मारतो आणि काच स्वच्छ दिसते. रोमन कारागिरांनाही ही युक्ती ठाऊक होती. युरोपात तर याला ‘काचवाल्यांचा साबण’ म्हणत. हात सैल सुटला, की झाली जांभळ्या बांगडीची काच! आणि गंमत अशी, की साबण घातलेली स्वच्छ काचसुद्धा बरीच वर्षे कडक उन्हात राहिली तर जांभळट होते.

आता चाकणच्या बाजारात कांदा घालून कधी तळेगाव दाभाड्याला गेलात, तर एक गोष्ट आठवा. काच परदेशातून येत होती त्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली: माणशी वर्षाला एक पैसा जमवायचा आणि त्यातून देशी धंदा उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. तिथे नुसता माल होत नव्हता, मुलांना भट्टीचे कामही शिकवत. एका पैशाला किंमत किती, असे कुणी म्हटले तर त्याला हे जरूर सांगावे.

पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील गोठ्यागोठ्यात पोचला. तुमच्या माळ्यावर त्याची जुनी काच असेल तर पुसून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कडेला हिरवट झाक दिसते का, ते पाहा.