गाडी धुवा, पण खालून

अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या राज्यांत किंवा कॅनडातल्या ओंटारिओत जानेवारीत कुठलीही गाडी पाहा, तिच्या दारांच्या खालच्या अंगाला पांढरे पुट चढलेले असते. ते मीठ असते. बर्फ पडायच्या आधी आणि पडून गेल्यावर ट्रकमधून ते रस्त्यांवर पसरले जाते. एकट्या अमेरिकेत वर्षाला साधारण दोन कोटी टन मीठ या कामी लागते. न्यू हॅम्पशायरने १९३८ साली हा प्रयोग केला आणि हळूहळू सगळ्या बर्फाळ पट्ट्याने तो उचलला. डेट्रॉइट शहराच्या खाली तर हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. पुरेसे मीठ विरघळलेले असेल तर ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंतही पातळ राहते, आणि त्यामुळे रस्ते निसरडे होत नाहीत, माणसे वाचतात. मिठाला नावे ठेवण्याआधी एवढे कबूल करायलाच हवे. मात्र तेच पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या तळाला बसते आणि तिथे ते कुणाला दिसत नाही. दिसते ते दारावरचे पुट, म्हणून धुतली जातात ती दारे. माझे म्हणणे असे की गाडी कधी धुवायची हे मळ पाहून ठरवू नये, पारा पाहून ठरवावे. आणि पाण्याची पहिली धार खालच्या बाजूला मारावी.

याचे कारण गंजाच्या स्वभावात आहे. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. शिवाय धातूवरचा पातळ संरक्षक थर क्लोराइडमुळे फुटतो. पण कडाक्याच्या थंडीत ही क्रिया बरीच मंदावते. उणे पंधरा अंशांत तळाला चिकटलेले कोरडे मीठ फारसे नुकसान करत नाही. खरा धोका सुरू होतो तो पारा शून्याच्या वर चढला की. इथे मिठाची जातही महत्त्वाची ठरते. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी धरू लागते. फार थंडीत मात्र साधे मीठ पुरे पडत नाही, तेव्हा मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात, आणि ही द्रव्ये तिशीच्या घरातल्या आर्द्रतेलाच ओली होतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या बरणीतल्या खडे मिठाला पाणी सुटते, त्यामागे बऱ्याच अंशी हाच मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो. म्हणून रस्ता कोरडा झाला तरी गाडीचा तळ ओलाच राहतो. रोज संध्याकाळी ऊबदार गॅरेजमध्ये न धुता लावलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजू शकते, ती यामुळेच.

हे नुकसान नुसते दिसण्यापुरते नाही. ब्रेकची नळी घ्या. जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची ही पोलादी नळी पुढून मागच्या चाकांपर्यंत तळालगत जाते आणि मध्ये मध्ये प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेली असते. क्लिप आणि नळी यांच्यामधल्या फटीत खारट चिखल भरतो. उघडा भाग वाळला तरी ती फट वाळत नाही. आधी तिथला लेप फुगतो, मग तपकिरी पोपडे सुटतात, आणि एक दिवस जोरात ब्रेक दाबला की आतल्या दाबाने नळी नेमकी तिथेच फुटते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअप ट्रकांच्या अशा तक्रारींची काही वर्षे चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद करताना त्यांनी ठरवले की हा उत्पादनातला दोष नाही, मिठाने झालेली झीज आहे. हिवाळाभर आणि वसंत लागताच गाडीचा तळ धुवा, असा सल्लाही त्यांनी मालकांना दिला.

यावर पहिला आक्षेप असा की हल्लीच्या गाड्यांचा पत्रा जस्त चढवलेला असतो, मग काळजी कशाला? पत्र्यापुरते ते खरे आहे, आणि म्हणूनच १९७०च्या दशकातल्या गाड्यांसारखी आजच्या गाड्यांची दारे कुजत नाहीत. पण तळातले आडवे सांगाडे, सस्पेन्शनचे हात, बोल्ट, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे यांना सगळीकडे तसे कवच नसते. वरून गाडी नवीकोरी दिसते, त्यामुळे उलट गाफीलपणा वाढतो. दुसरा आक्षेप लेपाचा: तळाला गंजरोधक लेप मारला की धुवायचे कशाला? रबरी लेपाला चीर गेली की खारे पाणी आत शिरते आणि तिथेच कोंडून बसते. त्यापेक्षा दरवर्षी मारायचा तेलकट लेप बरा, कारण तो फटींत झिरपतो. पण लेप धुण्याची जागा घेत नाही. हिवाळा संपल्यावर एकदाच धुतले तर चालणार नाही का, असेही विचारतात. वसंतातली धुलाई सगळ्यांत महत्त्वाची, हे बरोबर; कारण त्यापुढे ऊब वाढतच जाते. पण हिवाळ्यात मध्येच चार दिवस बर्फ वितळतो, तेव्हाही मीठ जागे होते. पारा शून्याच्या वर असेल तेव्हा दिवसाच गाडी धुवावी. म्हणजे कुलपे आणि दारांची रबरे गोठायचीही भीती राहत नाही.

धुताना जोरापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचे. मीठ पाण्यात विरघळते, त्याला खरवडावे लागत नाही. फार जोराची धार जवळून मारली तर लेपच निघून येतो. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि त्यांची पाणी निघायची भोके इथे वेळ द्यावा. भोके चिखलाने बुजली असतील तर आधी ती मोकळी करावीत. धुलाई केंद्रात गेलात तर शेवटची धार ताज्या पाण्याची आहे का, हे विचारून घ्यावे, कारण बऱ्याच ठिकाणी तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात.

एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो. धुतलेले मीठ शेवटी जाते कुठे? नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत क्लोराइड निघत नाही. ते ओढ्यांत, तळ्यांत जाते आणि गोड्या पाण्यातल्या जिवांना त्रास देते. गाडी धुणे हा त्यावरचा उपाय नव्हेच. तो उपाय रस्त्यावर कमी मीठ टाकण्यात आहे, आणि आधीच मिठाचे पाणी फवारून ठेवले तर कमी मिठात भागते, हे अनेक राज्यांतल्या रस्ते विभागांनी अनुभवले आहे. पण गाडीला चिकटलेले मीठही पुढच्या पावसात त्याच ओढ्यात जाणार आहे. न धुतल्याने ओढा वाचत नाही, गाडी तेवढी जाते.

तिकडे शिकायला गेलेली आपली मुले बहुधा दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी घेतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी टॉर्च घेऊन खाली वाकावे. सांगाड्यावर नुसता तांबूस रंग असेल तर घाबरायचे कारण नाही. पण पापुद्रे सुटत असतील, किंवा क्लिपेपाशी ब्रेकची नळी फुगलेली दिसली, तर धुण्याची वेळ टळून गेलेली असते. तेवढाच तुकडा न बदलता नळ्यांचा पूर्ण संच बदलून घ्यावा आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मागावा.