मुलांचे वाचन घरापासून

"आम्हीच अंगठेबहाद्दर, मुलांना काय शिकविणार?" असे काही माता-भगिनी बँकेत अंगठा उठविताना म्हणतात. परंतु वाचनाची सुरुवात घरीही होऊ शकते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले होते.

पूर्ण बाराखडी पाठ होईपर्यंत थांबू नये. ग, म, भ, न या ४ अक्षरांतूनच मन, नग, गगन, नमन हे शब्द होतात. ताटात तांदूळ पसरून ते बोटाने गिरवावेत. मग एस.टी.ची पाटी दाखवावी. 'रोहा' या २ अक्षरांत काना व मात्रा दोन्ही भेटतात. आपल्या अष्टमीचे नाव मात्र जोडाक्षराचे, ते सावकाश येईल. मूल अडखळले तर रागावू नये.

आईला वाचता येत नसेल तरी तिने रोज १० मिनिटे हातातले काम ठेवून "वाच बाळा, मी ऐकते" म्हणावे. पुष्कळदा मूलच मग तिचे बोट धरून अक्षरावर ठेवते.