पडदा मोठा, चित्र अपुरे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावीही मोठा पडदा शिक्षक-कारकुनांच्या आटोक्यात येऊ लागला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु केबलची जोडणी होताच पुष्कळांचा हिरमोड होतो. दुकानात लखलखणारे चित्र घरी धूसर दिसते. बातम्यांच्या पट्टीतील अक्षरे फुटतात. ग्राहक दुकानदाराला बोल लावतो. वस्तुतः दोष बहुधा संचाचा नसतोच.

साध्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे असते. जुन्या २१ इंची संचाला ते पुरत असे. ५५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे सहापट, आणि तो ‘फोर-के’ असल्यास त्यावर सुमारे ८३ लाख बिंदू. म्हणजे दर वीस बिंदूंमागे एकच बाहेरून येतो. उरलेले एकोणीस संच अंदाजाने भरतो. पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी ओतावे, तसाच हा प्रकार!

त्यात भर पडते ती दाटीची. डिजिटल केबलमध्ये एकाच वाहक लहरीवर अनेक वाहिन्या बसवितात. त्यांची संख्या वाढविली की प्रत्येकीच्या वाट्याची माहिती घटते. स्थिर बसलेला निवेदक त्यात निभावून जातो. कबड्डीतील चढाईची मात्र चौकोनी ठिकऱ्यांत दाणादाण उडते. शैक्षणिक वाहिनीवरील सूत्रातला घातांकच वाचता येत नसेल, तर विद्यार्थ्याने शिकावे काय?

२०११ च्या कायदादुरुस्तीने केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले. ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत ठरली. २०१९ च्या दररचनेत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर मोजण्यात आली. संख्येचा आणि दराचा हिशेब असा काटेकोर. पण चित्राच्या प्रतीचा हिशेब ग्राहकाच्या हाती पडत नाही. धान्य घेताना आपण वजनाबरोबर प्रतही पाहतो. मग येथेच केवळ संख्येवर समाधान का मानावे? प्रत्येक वाहिनीला किमान किती माहितीवेग मिळतो, हे केबलचालकाने जाहीर करावे आणि नियामकाने त्याची वेळोवेळी तपासणी करावी, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर ग्राहकानेही डोळस व्हावे. एचडी पेटी व एचडी वाहिनी घेणार असाल, तरच मोठ्या पडद्याचे चीज होते; पेटी ‘एचडीएमआय’ तारेनेच जोडावी. जुन्या ४:३ आकाराचे चित्र ताणून पडदा भरू नये. माणसे अकारण फुगतात. ५५ इंची पडद्यावर साध्या वाहिनीचे दोष झाकायचे, तर सुमारे १३ फूट दूर बसावे लागते. आपल्या दहा-बारा फुटी खोल्यांत ते कसे साधावे? तेथे लहान पडदाच शहाणपणाचा. दारिद्र्य पडद्याचे नसून प्रक्षेपणाचे आहे, हे ओळखून जाब योग्य दारी विचारला पाहिजे.